'नसा मोकळ्या' करणाऱ्या जाहिराती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'बायपासशिवाय नसा मोकळ्या, महिन्यात ब्लॉकेज साफ' अशा जाहिराती वृत्तपत्रांत सर्रास छापून येतात. सोबत चित्र ठरलेले: गाळाने तुंबलेला नळ आणि शेजारी लख्ख धुतलेला नळ. माझे औषधांचे दुकान असल्याने या जाहिरातींचा परिणाम काउंटरवर दिसतो. नेहमीचे गिऱ्हाईक ॲटोर्वास्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीची, अर्धवट पाकिटे परत घेऊन येते. "रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता काढा सुरू केलाय. ह्या घ्या परत." रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे, आणि ती थांबली की काही आठवड्यांतच कोलेस्टेरॉल मूळ पदावर येते, हे दर वेळी नव्याने सांगावे लागते.

मुळात ते नळाचे चित्रच खोटे आहे. चरबी धमनीच्या आत गाळासारखी बसलेली नसते. ती अस्तराखाली, भिंतीतच मुरते. पांढऱ्या पेशी ती खाऊन फुगतात, तिथे सूज राहते आणि वर पातळ पापुद्रा धरतो. काढ्यातला लसूण-लिंबाचा रस पोटातून तिथे जाऊन काय धुणार? आणि धोका केवळ वाट अरुंद होण्याचा नाही. पापुद्रा फाटला की त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि धमनी काही मिनिटांत बंद पडू शकते. म्हणूनच आदल्या दिवशी डोंगर चढून आलेल्या माणसालाही झटका येतो. हेच मानेच्या धमनीत झाले तर पक्षाघात. पायात वाट अरुंद झाली तर थोडे चालताच पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो. आपल्याकडे त्यावर वर्षानुवर्षे बाम चोळला जातो. तंबाखू आणि मधुमेह एकत्र असतील तर प्रकरण बोट कापण्यापर्यंत जाते.

धमनीच्या भिंतीत चरबी मुरणे हा म्हातारपणाचा आजार, असेही कुणी समजू नये. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांची शवविच्छेदने 1953 साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय 22, आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या धमन्यांत या रोगाच्या खुणा होत्या.

लसूण जरूर खावा, त्याला कोण नाही म्हणतो! पण 'औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954' याच्या अनुसूचीत ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत हृदयविकार आहे, रक्तदाब आहे आणि धमन्या कठीण होणे हेही आहे. जाहिरात छापण्यात सहभागी होणाऱ्यालाही हा कायदा लागू होतो. आरोग्याच्या पानावर हृदयरोगतज्ज्ञांचा लेख आणि त्याच्याच पाठच्या पानावर काढ्याची जाहिरात, हे थांबवायला नवा कायदा नको. जाहिरात विभागाच्या टेबलावर ही अनुसूची ठेवली तरी बऱ्याच जाहिराती पैशांसकट परत पाठवाव्या लागतील.

आपला,
एक औषधविक्रेता, सातारा