काजूच्या ग्रेव्हीत शेंगदाणा : आपल्या कोथरूड शाखेविषयी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय : मेनूवर काजू लिहिलेल्या भाजीत न सांगता शेंगदाण्याची पेस्ट वापरल्यामुळे माझ्या मुलाला झालेला त्रास.

महोदय / महोदया,

माझा ९ वर्षांचा मुलगा आता बरा आहे आणि शाळेत जायला लागला आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण आपल्या कार्यालयाकडून मला आलेल्या दोन्ही ई-मेलमध्ये तो कसा आहे हे कुणी विचारलेलं नाही.

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री आम्ही चौघं, म्हणजे मी, माझे पती, सासूबाई आणि मुलगा, आपल्या कोथरूडच्या शाखेत जेवायला आलो होतो. मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. ऑर्डर देण्याआधी मी ते सांगितलं होतं. तरीही त्याच्या ताटात शेंगदाणा आला आणि त्या रात्री आम्हाला त्याला घेऊन दवाखान्यात धावावं लागलं. सगळं सविस्तर लिहिते, कारण फोनवर मला कुणी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू दिलं नाही.

महाराष्ट्रात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल वाढवणं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. मुलगा ३ वर्षांचा असताना संक्रांतीला शेजाऱ्यांकडच्या तिळगुळाच्या लाडवातले दाणे त्याच्या पोटात गेले आणि आम्हाला पहिल्यांदा हे कळलं. तोवर आमच्या घरात दाण्याचं कूट मिठासारखंच वापरलं जायचं. साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, भोपळ्याचं भरीत, मेथीची भाजी, ठेचा, सगळ्यात कूट. सासूबाईंनी वयाच्या ६८ व्या वर्षी आपला सगळा स्वयंपाक नव्याने बसवला. कुटाच्या जागी ओलं खोबरं आलं, कुठे तीळ आले. आम्ही घाण्याचं शेंगदाणा तेलही बंद केलं, कारण कच्च्या घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश राहतो. काजू मात्र त्याला चालतात, तपासणी करून डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे. शेंगदाणा ही मुळात शेंगवर्गीय वनस्पती, काजू वेगळा, त्यामुळे एक चालत नाही म्हणून दुसराही चालत नाही असं प्रत्येक मुलाच्या बाबतीत नसतं. आपल्या स्वयंपाकघरात हा फरक कुणी सांगितलेला नसावा, म्हणून मुद्दाम लिहिलं.

घराबाहेर खाणं आम्ही जवळजवळ ४ वर्षं बंदच ठेवलं होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलचे मालक सज्जन आहेत. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, आमच्याकडे कढई एकच, झारा एकच, हाताला येईल ते पडतं. मुलाला नका देऊ." त्यांचा मला कधीच राग आला नाही. मग मुलाच्या वर्गातली मुलं वाढदिवसाला बाहेर जेवायला जाऊ लागली आणि हा घरी थांबू लागला, तेव्हा आम्ही ठरवलं की महिन्यातून एका शनिवारी जवळपासची एखादी साखळी रेस्टॉरंट निवडायची आणि विचारून, समजून घेऊन तिथे जेवायचं. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता मिळून आमच्या घरापासून चालत जाण्याजोगी अशी बरीच ठिकाणं आता झाली आहेत. साखळीच का, तर तिथे पाककृती लिहिलेली असते, ग्रेव्ही एकाच मोठ्या किचनमध्ये बनून सगळ्या शाखांना जाते आणि आज खाल्लेला पदार्थ पुढच्या महिन्यातही तोच असतो. चवीच्या बाबतीत काही लोकांना हा दोष वाटतो. आमच्यासाठी तोच आधार होता.

गेल्या वर्षभरात आम्ही अशा ७ ठिकाणी गेलो. मुलाने एका वहीत प्रत्येक ठिकाणाचं नाव, काय खाल्लं आणि किती आवडलं ते लिहून ठेवलं आहे. यातल्या एका ठिकाणी मॅनेजर स्वतः आत जाऊन आले आणि म्हणाले, "आमचं सॉस बाहेरून येतं, त्याच्या लेबलवर दाण्याचा अंश असू शकतो असं लिहिलंय. मी हो म्हणू शकत नाही." आम्ही तिथे मुलाला फक्त साधा भात, दही आणि आइस्क्रीमची एक सीलबंद वाटी दिली, आणि तरीही तिथे परत गेलो. कारण त्या माणसाने खरं सांगितलं होतं.

आपल्या शाखेतली ही आमची तिसरी खेप होती. पहिल्या दोन्ही वेळा मुलाने तीच पनीरची भाजी खाल्ली होती, जिच्याखाली आपल्या मेनूवर काजूच्या मखमली ग्रेव्हीतलं पनीर असं लिहिलं आहे. दोन्ही वेळा काही झालं नाही. वहीत त्याने तिला १० पैकी १० गुण दिले होते. त्या शनिवारी तो दुपारपासून तीच भाजी मागत होता.

टेबलावर मेनू नव्हता, क्यूआर कोड होता. फोनवर उघडलेल्या मेनूत प्रत्येक पदार्थासमोर कॅलरीचा आकडा होता, अ‍ॅलर्जीची माहिती मात्र कुठेही नव्हती. सगळ्यात खाली एक ओळ होती की अ‍ॅलर्जी असल्यास कर्मचाऱ्यांना कळवावे. मी कळवलं. आलेला मुलगा विशीचा असेल. त्याला मी नेहमीप्रमाणे सांगितलं, "ह्याला शेंगदाणा अजिबात चालत नाही, आवडनिवड नाही, अ‍ॅलर्जी आहे. ह्या भाजीत दाणे, दाण्याचं कूट किंवा दाण्याची पेस्ट आहे का, आत विचारून या." तो जागेवरूनच म्हणाला, "नाही मॅडम, काजूचीच ग्रेव्ही आहे." मी पुन्हा म्हटलं, एकदा विचारून या. तो गेला, परत आला, आणि हो, काजूचीच आहे म्हणाला. तो किचनपर्यंत गेला होता की फक्त काउंटरपर्यंत, हे मला माहीत नाही. मी उठून स्वतः गेले नाही, हे मला आजही बोचतं.

तिसऱ्या घासाला मुलगा म्हणाला, "आई, जीभ टोचतेय." त्याला हे शिकवलेलं आहे. त्याने चमचा लगेच खाली ठेवला. पाच मिनिटांत मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या, वरचा ओठ सुजला. पर्समधलं औषध मी दिलं. मग त्याचा आवाज घोगरा झाला आणि तो सारखा खाकरायला लागला, तेव्हा आम्ही उठलो. दाराशी आपल्या मॅनेजरांनी बिल राहिलंय म्हणून थांबवलं. माझे पती मागे थांबले, मी आणि सासूबाई त्याला घेऊन रिक्षाने निघालो. दवाखान्यात डॉक्टरांनी ताबडतोब मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो म्हणून पहाटेपर्यंत थांबवून घेतलं. सासूबाई रात्रभर बाकावर बसून होत्या.

इकडे माझ्या पतींनी किचनच्या दारात उभं राहून नेमकं काय घातलं होतं ते विचारलं. डॉक्टरांना ते सांगायचं होतं. तेव्हा आतल्या स्वयंपाक्याने सरळ सांगितलं की मुख्य किचनमधून येणारे ग्रेव्हीचे पाऊच शनिवारच्या गर्दीत संपले, म्हणून ग्रेव्ही तिथेच वाटली, आणि काजू कमी पडले म्हणून त्यात मगज आणि भिजवलेले शेंगदाणे घातले. "चवीत फरक पडत नाही, सर," असं तो म्हणाला. त्याने लपवालपव केली नाही, आणि ह्याबद्दल मी त्याची ऋणी आहे, कारण त्यामुळे डॉक्टरांना नक्की माहिती मिळाली.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. काजू महाग आहेत, दाणे स्वस्त आहेत, गर्दीत माल संपतो, हे मला कळतं, मीही घर चालवते. पण भांड्यात बदल झाला आणि तो बदल टेबलापर्यंत पोचला नाही. मेनूवर काजू राहिले, वेटरच्या तोंडी काजू राहिले. पाऊचवर लेबल तरी असतं, हाताने वाटलेल्या पातेल्यावर काहीच नव्हतं. आम्ही घरापासून १० मिनिटांवरच्या आपल्या शाखेत आलो ते लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवून. तो शब्द त्या रात्री खोटा होता.

सोमवारी मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. पहिलं उत्तर आलं की "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत". दुसऱ्या ई-मेलबरोबर ५०० रुपयांचं व्हाउचर आलं, तीन महिन्यांत वापरण्याच्या अटीवर. मुलाचा श्वास अडकणं ही गैरसोय नाही. ज्याने कुणी हे उत्तर लिहिलं, त्याने माझी तक्रार शेवटपर्यंत वाचली असती तर हे व्हाउचर पाठवलं नसतं.

नियम काय आहे तेही लिहिते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या लेबलिंग आणि प्रदर्शनाविषयीच्या २०२० च्या विनियमांनुसार, ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या १० किंवा अधिक ठिकाणी शाखा आहेत, अशा उपाहारगृहांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाचे उष्मांक द्यायचे असतात. हे १ जुलै २०२२ पासून लागू आहे, आणि आपण ते दिलेले आहेत. त्याच विनियमांत अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांची माहितीही सांगितली आहे, आणि त्या घटकांत ग्लूटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, सोयाबीन यांच्याबरोबर शेंगदाण्याचं नाव स्पष्ट आहे. "कर्मचाऱ्यांना कळवावे" ह्या एका ओळीने ती जबाबदारी ग्राहकावर ढकलता येत नाही.

बिलात सेवा शुल्कही लावलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच ते आपोआप लावायला मनाई केली आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती मनाई कायम ठेवली. माझ्या पतींनी त्या घाईत ते भरलं. ते परत करावं, एवढंच. ह्या पत्राचा मुद्दा तो नाही.

मला काय हवं आहे ते सांगते. त्या रात्री त्या ग्रेव्हीत काय काय गेलं आणि घटक बदलण्याची परवानगी शाखेला कुणी दिली, ह्याचं लेखी उत्तर हवं. शाखेत पाऊच संपले तर तो पदार्थ त्या दिवशी बंद ठेवायचा, किंवा घटक बदलला तर तसं मेनूवर आणि वेटरला ताबडतोब कळवायचं, असा नियम आपण सगळ्या शाखांना लेखी द्यावा आणि त्याची प्रत मला पाठवावी. क्यूआर मेनूत प्रत्येक पदार्थासमोर अ‍ॅलर्जीचे घटक यावेत. आणि ग्राहकाने अ‍ॅलर्जी सांगितली तर तिचं उत्तर स्वयंपाक करणाऱ्याकडूनच यावं. शंका असेल तर "माहीत नाही" म्हणण्याची मोकळीक आपल्या माणसांना असावी. त्या एका शब्दाने आम्ही भात आणि दही मागवलं असतं.

एक विनंती वेगळी करते. टेबलावर आलेल्या त्या मुलाला कामावरून काढू नका. दवाखान्याचा खर्च विचारायला तो दुसऱ्या दिवशी माझ्या पतींना शाखेबाहेर भेटला तेव्हा रडत होता. आपल्या कंपनीतून आमच्यापर्यंत आलेला तो एकटाच. कामाला लागून त्याला दोन महिने झाले होते आणि अ‍ॅलर्जीबद्दल त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं, असं त्याने सांगितलं. त्या स्वयंपाक्यालाही खरं बोलल्याची शिक्षा होऊ नये. नाहीतर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही, आणि तेव्हा डॉक्टरांना काय सांगायचं हे त्रास झालेल्या मुलाच्या आईला कळणार नाही.

दवाखान्याच्या बिलाची प्रत जोडली आहे, ती रक्कम आपण द्यावी. त्याहून अधिक भरपाई मी मागत नाही. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवीन, आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ज्या पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी राहिली, त्या पुण्यातले आम्ही आहोत. माझ्या सासूबाईंनी त्या काळात रेशनच्या रांगेत उभं राहून वजनकाट्यासाठी भांडणं केली आहेत. हे पत्र ई-मेलने न पाठवता स्पीड पोस्टाने पाठव, असं त्यांनीच सांगितलं.

मुलाने त्या शनिवारपासून वही उघडलेली नाही. ह्या महिन्याचा शनिवार आला तेव्हा तो म्हणाला, घरीच पिठलं-भात करू. आम्ही तोच केला.

आपली ग्राहक,
कोथरूड, पुणे

सोबत : शाखेच्या बिलाची प्रत, दवाखान्याच्या बिलाची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, क्यूआर मेनूतल्या त्या पानाची छापील प्रत, आणि ई-मेलने आलेल्या ५०० रुपयांच्या व्हाउचरची छापील प्रत, न वापरता परत.