समतोल, वेग आणि एक ढिला स्क्रू

जळगाव, १४ मे

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

तुमची इथाइल ॲसिटेटची बॅच दोन-तृतीयांशावर येऊन अडते आणि साहेब रोज तापमान वाढवायला सांगतात, असे तू लिहिले आहेस. तापमान वाढवून फारसे काही हाती लागणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ॲसिटिक आम्ल आणि इथेनॉल यांपासून इथाइल ॲसिटेट आणि पाणी होते, आणि हीच अभिक्रिया उलटही चालते. तिचा समतोलांक, म्हणजे दोन्ही दिशांचा तोल कुठे जमतो ते सांगणारा आकडा, सुमारे ४ आहे; म्हणून दोन्ही मोलला मोल (रेणूंच्या सारख्या संख्येने) घेतले, तर हिशेब ६७ टक्क्यांवर थांबतो. बर्थेलो आणि पेआं द सें-जील या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८६२ मध्ये हीच मर्यादा मोजली होती. ही अभिक्रिया उष्णता जवळजवळ सोडतही नाही आणि घेतही नाही, त्यामुळे बॅच गरम केली तरी ती जाऊन जाऊन तिथेच पोहोचेल, फक्त लवकर. त्यापेक्षा इथेनॉल तिप्पट घाल म्हणजे गणिताने ९० टक्के मिळतील, किंवा तयार होणारे पाणी काढत राहा.

कुठवर जायचे ते उष्मागतिकी ठरवते. किती वेळात, हा प्रश्न गतिकीचा, आणि माझी सारी उन्हाळ्याची सुट्टी त्यातच गेली. आम्ही हीच अभिक्रिया आम्लधर्मी रेझिनवर, म्हणजे उत्प्रेरकाचे काम करणाऱ्या प्लास्टिकसारख्या मण्यांवर, करतो. राजगिऱ्याहून बारीक अशा त्या मण्यांवर द्रव ढवळत ठेवायचा, दर वीस मिनिटांनी ५ मिलि नमुना गाळून घ्यायचा आणि उरलेले आम्ल मोजण्यासाठी फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने सोडायचा. चार तापमानांचे वेग, तापमान आणि वेग यांचे नाते सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या १८८९ च्या समीकरणात घातले, तर बिंदू इतके सरळ रेषेत बसले की माझा विद्यार्थी पेढे आणायला निघाला. मला मात्र उतार खटकला. त्यावरून निघणारी ॲक्टिव्हेशन एनर्जी (अभिक्रिया होण्यासाठी रेणूंना ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) मोलमागे अवघी २४ किलोज्यूल, म्हणजे २७ अंशांवरून ३७ वर गेल्यास वेग जेमतेम सव्वा-दीडपट. खरी रासायनिक अडचण एवढी स्वस्त नसते. एवढा कमी आकडा आला की आधी शंका घ्यावी ती द्रवातून मण्यापर्यंत रेणू पोहोचण्याच्या संथपणाची.

झाकण काढून पाहिले, तर ढवळणीच्या पात्याचा दांडा मोटरच्या चकमध्ये (तो पकडून ठेवणाऱ्या जबड्यात) घसरत होता. मोटर ५०० फेरे दाखवत होती आणि मणी तळाशी, पातळ आमटीतल्या डाळीसारखे, बसून होते. आम्ही तीन आठवडे रसायन मोजतो आहोत असे समजत होतो, आणि मोजत होतो तो एक ढिला स्क्रू! तो आवळून पुन्हा मोजले तेव्हा ५२ किलोज्यूल आले, म्हणजे दहा अंशांत वेग दुप्पट. तरीही मी एवढ्यावर थांबलो नाही: फेरे ५०० चे ८०० केले, वेग हलला नाही, मणी कुटून बारीक केले, तेव्हाही हलला नाही. ही दुसरी परीक्षा बरेच जण टाळतात, पण मण्याच्या छिद्रांत अडथळा असेल तर ॲक्टिव्हेशन एनर्जीचा दिसणारा आकडा खऱ्याच्या साधारण निम्मा होतो आणि रेषा तरीही सरळच राहते.

एक गंमत सांगतो. ३० अंशांचे मोजमाप मात्र पहाटेच करावे लागले, कारण दुपारी टाकीचे पाणीच चाळिशीला टेकलेले असते आणि आमच्या वॉटर बाथला तापवता येते, थंड करता येत नाही.

तुमच्या बॅचचे दर तासाचे आम्लतेचे आकडे आणि ढवळणीच्या मोटरचे ॲम्पिअर मला पाठव. दोन-तृतीयांशाच्या अलीकडेच वेग मंदावत असेल, तर साहेबांशी बोलण्याआधी एकदा ढवळणी उघडून पाहा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश