कथेचा निवेदक ठरवताना झालेल्या मदतीबद्दल

आदरणीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या कथेचे हस्तलिखित आपण परत पाठवलेत, तेव्हा त्यात शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या जेमतेम होत्या. समासात मात्र ठिकठिकाणी पेन्सिलीने एकच प्रश्न होता, ‘हे कोणाला दिसते आहे?’ त्या प्रश्नाबद्दल आपले जाहीर आभार मानावेत, म्हणून हे पत्र.

कथा दोन भावांची आहे. वडिलांचे मृत्युपत्र धाकट्याने लपवले आहे आणि थोरल्याला ते शेवटी कळते. निवेदन प्रथमपुरुषी असावे एवढे नक्की होते, पण ‘मी’ म्हणणारा कोण, यावर घोडे अडले होते. धाकटा सांगू लागला, तर त्याला पहिल्या पानापासून सारे ठाऊक असणार आणि ते त्याने दडवून ठेवले, तर शेवटी वाचकाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटणार, हे आपण दाखवून दिलेत. निवेदकाला काय ठाऊक नसावे ते आधी ठरवा, हा आपला सल्ला मानला आणि थोरल्याच्या तोंडून तीच हकीकत सरळ चालू लागली.

कोण पाहते आणि कोण बोलते, हे दोन प्रश्न जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९७२ मध्ये वेगळे केले, हे मी वाचले होते. त्याचा उपयोग आपल्यामुळे कळला. थोरला अनेक वर्षांनंतर सांगतो आहे, म्हणजे बोलणारा जाणता आहे, पण त्या खोलीत उभा राहून पाहणारा अजाण आहे. म्हणूनच ‘धाकट्याला लाज वाटली’ हे वाक्य खोडून आपण ‘धाकटा खिडकीबाहेर पाहत राहिला’ असे सुचवलेत. भावाच्या मनात शिरण्याची मुभा थोरल्याला नाही. त्याला दिसते ती फक्त फिरवलेली मान.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही निवेदन करतात, तसे दोघा भावांना आळीपाळीने बोलू द्यावे, हा माझा मोहही आपण वेळीच आवरलात. एवढ्या छोट्या कथेत दुसरा आवाज रुजायला जागा नसते, शिवाय धाकट्याने तोंड उघडताच मृत्युपत्र उघडे पडले असते.

द्वितीयपुरुषी निवेदनाविषयीचे आपले प्रेम मात्र मला अजून पटलेले नाही. ‘तू दार उघडतोस’ असे वाचले की कोणीतरी हुकूम सोडत असल्यासारखे वाटते. त्यावर भेटीत वाद घालूच.

आपला कृतज्ञ,
एक कथालेखक