सूचना : रविवारच्या सहलीची जागा

सर्व सभासदांना नमस्कार. राजहंसगड की बेळगाव शहरातलीच ठिकाणं, यावर गटात बरीच ओढाताण झाली. गडावर गाडीवाट वरपर्यंत जाते, सिद्धेश्वराचं देऊळ आहे, वारं तर झकास! पण सावली नाही. अकरानंतर ऊन डोक्यावर येतं आणि पत्रावळी वाऱ्यावर उडून जातात. आपल्यात आजी-आजोबा आणि कडेवरची पोरं आहेत, म्हणून गड पुढच्या वेळी.

या रविवारी सकाळी ८ वाजता बेळगावच्या किल्ल्यात जमायचं. आधी कमल बस्ती बघू. १२०४ सालची ही जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळातली. आत गेल्यावर मान वर करून छतातलं दगडी कमळ बघाच. घाईने फोटो काढून बाहेर पडणाऱ्यांना ते दिसतच नाही. परिसर लष्करी आहे, ओळखपत्र जवळ असू द्या.

तिथून टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात, झाडाखाली बसायला. चूल पेटवायची नाही, स्पीकर नाही. भाकरी, झुणका, ठेचा घरून आणा, कुंदा (खव्याची मिठाई) मंडळाकडून. ताट-वाटी ज्याची त्याने आणायची. खरकटं परत न्यायला पिशवी हवीच.

लग्न ठरलेल्या दोन्ही जोड्यांनाही आग्रहाचं बोलावणं. निवांत बोलायचं असेल तर संध्याकाळी किल्ला तलावाकाठी जा, आम्ही मागे येणार नाही!

राकसकोपला जाऊ म्हणणाऱ्यांसाठी : ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिथे पोरांना पाण्यात उतरवणं नको.

येणाऱ्यांची संख्या गुरुवारी रात्रीपर्यंत कळवा.

— सहल समिती