बाजारभावाच्या रकान्यात पेंडही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोयापेंडीच्या आयातीवरून पोल्ट्रीवाले आणि सोयाबीन उत्पादक आमनेसामने आल्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची मतं होती, फोटो होते. पेंडीचा भाव मात्र बातमीत कुठेच नव्हता. त्याच अंकात बाजारभावाच्या रकान्यात सोनं, चांदी, सोयाबीन, तूर, हरभरा, अगदी कोथिंबिरीची जुडीसुद्धा होती. पेंड तिथेही नव्हती. म्हणून हे पत्र.

चाकूरला माझं पशुखाद्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं, आता मी बघते. सरकी पेंड, गोळी, मक्याचा भरडा, तुरीची चुनी, गव्हाचा भुसा आणि लातूरच्या मिलमधून येणारी सोयापेंड, म्हणजे तेल काढून उरलेला सोयाबीनचा चोथा, जिला बाजारात सगळे डीओसीच म्हणतात. तुमच्या बातमीतले आमनेसामनेवाले माझ्या गल्ल्यासमोर एकाच माणसाच्या रूपानं उभे असतात. दिवाळीच्या तोंडावर अडतीवर सोयाबीन घालून, विक्रीची पट्टी खिशात ठेवून तो सरळ माझ्याकडे येतो आणि घरच्या दोन म्हशींसाठी पेंड नेतो. सोयाबीन चढलं की पेंड महागली म्हणून माझ्याशी हुज्जत घालतो. पेंड उतरली की सोयाबीन पडलं म्हणून सरकारला शिव्या देतो. आणि दोन्ही वेळा त्याचं खरंच असतं.

सोयाबीन म्हणजे तेलबिया, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. मिलवाल्याचा हिशोब वेगळा असतो. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. आता समजुतीपुरते भाव धरा. तेल किलोला १२० रुपये, पेंड ३२ रुपये. तेलाचे झाले २,१६० आणि पेंडीचे २,५६०. दोन्ही मिळून ४,७२०. यातून मिलचा खर्च, वाहतूक, हमाली, अडत, ओलाव्याची कटती आणि मिलवाल्याचा नफा वजा करा. उरेल तो शेतकऱ्याचा भाव. पुढचं गणित पाहा. तेल किलोमागे दहा रुपयांनी चढलं, तर क्विंटलला १८० रुपये वाढतात. पेंड दहा रुपयांनी उतरली, तर ८०० रुपये जातात.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. सगळ्या वर्तमानपत्रांनी आता सोयाबीन उठणार असं छापलं, आपणही छापलं. तेल उठलं, दिवाळीत करंज्या-चकल्या तळणाऱ्या प्रत्येक घराला ते कळलं. सोयाबीन मात्र ४,८९२ रुपये हमीभाव असताना आमच्याकडे चार-सव्वाचार हजारांत घुटमळत राहिलं. हमीभाव केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्क्यांवरून १५ वर नेली, तरी रांगा संपेनात. लोक मला विचारायचे, काकू, तेल एवढं महागलं मग आमचं सोयाबीन का नाही? तेलाची वाढ एका बाजूनं येत होती आणि पेंडीची घसरण दुसऱ्या बाजूनं ती खाऊन वर आणखी मागत होती, एवढंच उत्तर होतं. पण पेंडीचा भाव कुठे छापूनच येत नसल्यानं ते कुणाला दिसत नव्हतं.

पेंड का घसरली? एक कारण साता समुद्रापलीकडचं. अर्जेंटिना हा पेंड निर्यात करणारा जगातला सगळ्यांत मोठा देश. तिथं पाराना नदीच्या काठी रोझारिओ शहराच्या आसपास गाळप कारखान्यांची रांग आहे आणि कारखान्याच्या धक्क्यावरूनच जहाजं भरतात. ब्राझीलचा शेतकरी हेक्टरी तीन टनांच्या वर सोयाबीन काढतो, आपण टनभर काढतो. जगात पेंड मुबलक झाली की आपली पेंड परदेशात महाग पडते. युरोपातले काही ग्राहक आपला माल जनुकीय बदल न केलेला म्हणून दोन पैसे जास्त देऊन घेतात, बांगलादेश आणि नेपाळ जवळ म्हणून घेतात. पण तेवढ्यावर लातूरच्या मिलची गोदामं रिकामी होत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये अर्जेंटिनाच्या सरकारनं डॉलर मिळवायला धान्य, सोयाबीन आणि पेंडीवरचा निर्यात कर काही दिवसांसाठी शून्यावर आणला. सात अब्ज डॉलरचे सौदे होईपर्यंतच ही सवलत होती, आणि ते तीन दिवसांत झाले. त्या दिवसांत आमच्या दलालांचे फोन खाली ठेवायला सवड नव्हती. रोझारिओत कुणी कर माफ केला तर चाकूरमध्ये काढणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, असा हा धंदा आहे.

दुसरं कारण घरचंच. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. उसासोबत मका आणि तांदूळही त्यात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो वाळवून डीडीजीएस नावानं विकतात. त्यात प्रथिनं चांगली, भाव सोयापेंडीपेक्षा बराच कमी. साहजिकच पोल्ट्रीवाल्यांनी खाद्यातली सोयापेंड कमी करून तो घालायला सुरुवात केली. गंमत अशी, की मका कारखान्यांकडे वळल्यानं कोंबड्यांना मका पुरेना. मक्याची निर्यात करणारा आपला देश म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणू लागला. सरकारनं २०२४ च्या जूनमध्ये सुमारे पाच लाख टन मका कमी शुल्कात आणायला परवानगीही दिली. म्हणजे मका उत्पादकाला भाव मिळाला, त्याच मक्याच्या चोथ्यानं सोयाबीन उत्पादकाचा भाव पाडला. कुणाच्या मनात तसं नव्हतं, मान्य. पण मंत्रालयातल्या एका टेबलावर इथेनॉल, दुसऱ्यावर पेंड आणि तिसऱ्यावर तेल असलं की यापेक्षा वेगळं काय होणार?

हा डीडीजीएस मीही विकते. न विकून चालत नाही. पण तो घ्यायचा कसा हे आमच्या एका अंडीवाल्या गिऱ्हाइकाकडून शिकावं. कट्टा उघडला की तो वरचा माल बघतच नाही. कोपरापर्यंत हात आत घालून मधली मूठ काढतो, उन्हात नेतो, बोटांत चोळतो, मग हुंगतो. रंग पिवळा-सोनेरी आणि वास किंचित आंबूस असेल तर ठीक. काळपट तपकिरी असेल तर कट्टा बाजूला, कारण वाळवताना करपलेल्या मालात कागदावर प्रथिनाचे टक्के पूर्ण दिसतात पण पक्ष्याच्या अंगी लागत नाहीत. कुबट वास आला तर तो बोलतच नाही, हात धुवायला पाणी मागतो. मुळात मक्यात बुरशीचं विष असेल तर चोथ्यात ते जवळपास तिप्पट होऊन उतरतं. कोंबडीचं यकृत जातं, आणि दुभत्या जनावराला घातलं तर त्याचा अंश दुधात येतो. बाहेरून माल आणायचा की नाही यावर एवढी चर्चा होते. देशातल्या देशात फिरणाऱ्या या मालाच्या प्रत्येक कट्ट्यावर तपासणीचा आकडा छापला पाहिजे, असं कुणी म्हणताना दिसत नाही. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

आता २०२१ कडे येते, कारण पोल्ट्रीवाले आणि शेतकरी यांच्यातली खरी तेढ तिथून सुरू झाली. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयापेंड टनाला ऐंशी हजारांच्या पुढे गेली. सोयाबीननं दहा हजार ओलांडले. खरं सांगायचं तर तो भाव फार थोड्या शेतकऱ्यांना मिळाला. घरात माल होता कुणाच्या? पोल्ट्रीच्या खर्चात दोन तृतीयांश वाटा खाद्याचा. शेड रिकामी पडू लागली. पोल्ट्रीवाल्यांनी आयात मागितली यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सरकारनं २४ ऑगस्टला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली, न्हावा शेवा बंदरातून आणि बंगालमधल्या पेट्रापोल नाक्यावरून. मुदत ३१ ऑक्टोबर.

तारखा नीट पाहा. ऑगस्टअखेर आमच्याकडे सोयाबीन शेंगा भरायच्या अवस्थेत असतं. पेरणी होऊन गेलेली, खत-फवारणीचा पैसा जमिनीत गेलेला. चढता भाव पाहून लोकांनी महाग बियाणं घेतलेलं. आणि आयातीची मुदत नेमकी काढणीच्या दिवसांतली. सप्टेंबर संपताना मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, शेंगांना झाडावरच कोंब फुटले, आणि दसऱ्याच्या आसपास भाव पाच-साडेपाच हजारांवर आला. नवा माल आला की भाव उतरतो, हे बाजारात बसणाऱ्याला सांगायला नको. सगळं खापर आयातीवर फोडणं बरोबर नाही. पण व्यापारी खरेदीतून हात आखडतो तो जहाज लागल्यावर नव्हे, कागद निघाल्यावर. पुढे मुदत जानेवारीअखेरपर्यंत वाढवली, तरी १२ लाखांतले साडेपाच लाख टन आलेच नाहीत. त्यासाठी मे २०२२ मध्ये पुन्हा परवानगी काढावी लागली. त्याआधी डिसेंबर २०२१ च्या एकाच आठवड्यात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे, बंद झाले आणि सोयापेंडीवर साठ्याची मर्यादा आली. वायद्यांत सट्टा होतो, हे मीही पाहिलंय. पण पुढच्या ऑक्टोबरचा अंदाज देणारी एकमेव खिडकीही त्यामुळे बंद झाली.

त्या वेळी जनुकीय पेंडीवर बरीच ओरड झाली. माझं त्याबद्दल फारसं म्हणणं नाही. दळलेल्या, तेल काढलेल्या पेंडीतून रोप उगवत नाही. आणि २००२ पासून देशात जनुकीय बदल केलेला बीटी कापूस आहे; त्याच्याच सरकीची पेंड आमच्या देवणी गाई आणि म्हशी तेव्हापासून खात आहेत, विकणारी मीच. ज्यांना युरोपात बिगरजनुकीय म्हणून माल विकायचाय त्यांची काळजी रास्त आहे. बाकीच्यांनी मुद्दा तिकडे नेला, आणि तारखांचा मुद्दा बाजूला पडला.

आणखी एक गोष्ट आपल्या बातमीत 'पोल्ट्री शेतकरी' या एका शब्दात झाकली गेली. आमच्या भागातले बहुतेक ब्रॉयलरवाले करारावर पक्षी वाढवतात. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि रात्रीचं जागरण मात्र या शेतकऱ्यांचं. पक्षी उचलले की किलोवर ठरलेली मजुरी. पेंड स्वस्त झाली म्हणून त्यांच्या मजुरीत वाढ झालेली मी तरी ऐकली नाही. आयातीचा फायदा-तोटा सोसतात ते अंडीवाले, दूधवाले आणि कंपन्या. दूधवाल्याचं तर विचारूच नका. पेंड महागली तरी दुधाचा दर तोच, आणि पडला की सरकारी अनुदानाची वाट बघायची.

आता अमेरिकेशी व्यापाराच्या बोलण्यांत मका, सोयाबीन, डीडीजीएस यांची नावं पुन्हा पुन्हा येतात. काय ठरायचं ते ठरो. माझं मागणं दारं बंद ठेवा असं नाही आणि सताड उघडा असंही नाही. सोयापेंड, मका, डीडीजीएस, राइस ब्रॅनची (तांदळाच्या कोंड्याची) पेंड यांची आयात-निर्यात त्या वर्षी किती, कोणत्या शुल्कानं आणि कधीपर्यंत, हे मेअखेर, बियाणं घेण्याआधी जाहीर करावं. मग फेब्रुवारीअखेरपर्यंत त्याला हात लावू नये. शेतकरी तूर पेरायची की सोयाबीन ते ठरवेल, अंडीवाला किती पक्षी भरायचे ते ठरवेल, आणि मी किती माल भरायचा ते.

हे दिल्लीचं झालं. आपल्या हातातलं एवढंच, की रोजच्या बाजारभावात सोयाबीनच्या ओळीखाली चार ओळी वाढवाव्यात: लातूरचा सोयापेंडीचा प्लांट (मिलच्या दारातला) भाव, सरकी पेंड, मका आणि डीडीजीएस. शनिवारी अर्जेंटिनाच्या पेंडीचा भाव रुपयांत दिलात तर उत्तमच. जागा लागेल ती कोथिंबिरीच्या जुडीएवढी. प्लांटचे भाव सकाळी निघतात आणि दुपारपर्यंत आम्हा दुकानदारांच्या मोबाइलवर येतात. आपल्या वार्ताहराला अडचण असेल तर मी रोज कळवीन. फक्त सरकी पेंडीचा भाव लिहिताना पोतं किती किलोचं ते सोबत छापा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळं गाव माझ्याशी भांडायला येईल.

आपली नम्र,
एक पशुखाद्य विक्रेती,
चाकूर, जि. लातूर