वही वाचणाऱ्या मेकॅनिकदादांना

दादा,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. मंगळवेढ्याकडच्या एका गावातल्या दूध संकलन केंद्रावर भर एप्रिलात बल्क कूलर, म्हणजे दूध गार करायची मोठी टाकी, बघायला आला होता, एवढ्यावरून तुम्ही ओळखालच.

तुमच्या आधी येऊन गेलेल्यांचं आधी बोलून घेते, नाहीतर पोटात राहील. ज्यांना आम्ही देखभालीचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच मोजतो, त्यांचा माणूस यायचा, गेज लावायचा, "गॅस कमी झालाय" म्हणायचा, गॅस मारायचा आणि बिल चेअरमनच्या हातात देऊन जायचा. रात्रीच्या गारव्यात कूलर चालायचा आणि ऊन चढलं की कॉम्प्रेसर ट्रिप, लाल दिवा. गॅस जातो तरी कुठं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मावशी, तुम्हाला नाही कळायचं." वय विचाराल तर त्याच्यापेक्षा फार मोठी नाही मी. शेवटी नव्या कॉम्प्रेसरचं कोटेशन दिलं आणि वर चेअरमनना सांगून गेला, बाई मशीन उशिरा चालू करतात. टँकरवाल्यानं दूध उकळून पाहिलं, ते फाटलं, टँकर रिकामा माघारी गेला. नुकसान माझ्या पगारातून कापायची भाषा बैठकीत झाली. बैठकीला मी चहा द्यायला होते.

तुम्ही आलात आणि पेटी उघडलीच नाही. "टाकीचं तापमान कुणी लिहितं का?" एवढंच विचारलंत.

मी लिहायची. धारेचं दूध साधारण 35 अंशाला येतं, ते तीन तासांच्या आत 4 अंशावर आलं पाहिजे, एवढं मला शिकवलेलं होतं. म्हणून संकलन संपलं की दर तासाला आकडा टाकायची. ती वही तोवर कुणी मागितली नव्हती. फॅट-एसएनएफची, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाची आणि बाकी घन घटकांची वही सगळ्यांना हवी असते, कारण त्यावर भाव ठरतो, तिच्यात पैसे असतात.

तुम्ही सरकी पेंडीच्या पोत्यावर बसलात, चष्मा लावलात आणि पानामागून पान वाचत गेलात. चेअरमन उभे, संचालक उभे, तुमच्या हाताखालचा पोरगा पाना हातात धरून उभा. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणालात, "ताई, संक्रांतीपर्यंत सगळं वेळेत आहे. पुढं रोज थोडं थोडं लांबत गेलंय. तेव्हा इथं काय बदललं?"

कडबाकुट्टीचं मशीन! संक्रांतीच्या सुमारासच ते मागच्या शेडात आणून बसवलं होतं. मी हे बोलले मात्र, तुम्ही उठून थेट मागं गेलात.

कंडेन्सरच्या जाळीवर तुम्ही एका बाजूनं बॅटरी मारलीत आणि मला दुसऱ्या बाजूनं बघायला लावलंत. उजेडाचा ठिपकासुद्धा दिसेना. कुट्टीचा भुसा, पेंडीची धूळ, वर कोंबड्यांची पिसं. त्यात आधीच्या माणसानं पोरांना गाड्या धुण्याचा पंप मारायला सांगितला होता, त्या जोरानं फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, चेपून आडव्या झालेल्या. दुधातली उष्णता बाहेर टाकायची तीच एक वाट, आणि ती बुजलेली. गॅसचं कोडंही तिथंच सुटलं. गॅस म्हणजे काही डिझेल नव्हे जळून संपायला. गळती नसेल तर तो वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे बुजलेल्या जाळीवर गॅस वाढवून त्यांनी प्रेशर आणखी चढवलं होतं, आणि त्याचे पैसेही घेतले होते. जास्तीचा गॅस तुम्ही सिलिंडरमध्ये काढून घेतलात. साफसफाई कशी केलीत ते लिहीत बसत नाही. संध्याकाळचं दूध वेळेत गार झालं, यात सगळं आलं. कॉम्प्रेसर अजून जुनाच आहे.

पण मी पत्र लिहितेय ते त्या वहीसाठी. जाताना चेअरमन तुम्हाला म्हणाले, "बरं सापडलं तुम्हाला." तुम्ही म्हणालात, "मला कुठं, यांच्या वहीत होतंच की." आणि वही माझ्या हातात दिलीत, चेअरमनच्या नाही. पगार कापायचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. कापला असता तरी मी काम सोडलं नसतं, दादा, पण वही लिहिणं नक्की सोडलं असतं.

आमच्याकडं एका म्हशीचं दोन लिटर दूध घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. कॅन नासला तर त्यांना कोटेशन दाखवून काय उपयोग? समोरच्याला काहीतरी कळत असेल असं धरून चालणारी माणसं त्यांनाही फार भेटत नाहीत. बँकेत नाही, दवाखान्यात नाही. शिकलेली माणसं पुष्कळ येतात, विचारणारी थोडी. तुम्ही विचारलंत.

कुट्टीचं मशीन आता रस्त्यापलीकडं गेलंय. पंधरवड्याला मेन स्विच पाडून मी स्वतः जाळीवर मऊ ब्रश फिरवते, फिन्सच्या दिशेनं उभा, तुम्ही दाखवला तसा, आणि वहीत नोंद करते. पावसाळ्यात चिलटं फार बसतात, त्याला काय करायचं ते फोनवर सांगा.

आणि थंडीत हुरड्याला या. घरच्यांना घेऊन या, त्या पाना धरणाऱ्या पोरालाही आणा.

कळावे,
तुमची,
संकलन केंद्रातली ताई