लंडनच्या काकांना, मनापासून

प्रिय काका,
सा. न.

आईच्या डब्यातल्या ब्रिटनच्या जुन्या गोल एक पौंडी नाण्यांसाठी तुम्ही जे केलंत त्याबद्दल हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण असे डबे पुण्या-मुंबईत बऱ्याच घरांत पडून असतील.

इथल्या एका मनी चेंजरने डब्यात डोकावूनही पाहिलं नाही. ‘बंद झालीत, भंगारात घाला,’ म्हणाला. गोल पौंड 15 ऑक्टोबर 2017 ला चलनातून बाद झाला, हे खरं. पण दुकानात चालत नाही म्हणून त्याचं मोल गेलं नाही. ब्रिटनमधल्या बहुतेक बँका तो अजूनही खातेदाराच्या खात्यात जमा करून घेतात. आमचं तिथे खातं नाही. तुम्ही स्वतःच्या खात्यात भरलीत आणि पै न् पै पोचती केलीत.

बँकेत भरायच्या पिशवीत नाणी वीसच, वजन 190 ग्रॅम. जुनं गोल नाणं 9.5 ग्रॅमचं, नवं बारा बाजूंचं 8.75 चं, एक जरी मिसळलं तरी काटा चुकतो. शिवाय जर्सी नि आइल ऑफ मॅन या बेटांचे स्वतःचे पौंड दिसायला तसेच, ते डोळ्यांत तेल घालून निवडावे लागतात.

पण खरी भिडली ती खोट्या नाण्यांची पुडी. 2014 च्या सुमारास साधारण तिसांत एक पौंड बनावट निघायचा, म्हणून तर नाणं बदललं. तुम्ही ती टाकून दिली असती तर आम्हाला कळलंही नसतं. तुम्ही एकेक नाणं कागदात गुंडाळून, वर कारण लिहून परत पाठवलंत. ‘कडेची अक्षरं उथळ.’ ‘ओकचं झाड फक्त 1987 आणि 1992 च्या नाण्यांवर, यावर 2003.’ ‘राणी सरळ धरून नाणं उभं फिरवलं तर मागचं चित्र तिरकं.’ आईने चष्मा लावून एकेक नाणं फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. ना नातं, ना ओळख, आणि हिशेब इतका चोख! अशी माणसं आहेत म्हणून दुसऱ्याच्या हाती डबा सोपवायचा धीर होतो.

तळाशी कागदी वीस पौंडांच्या नोटाही सापडल्यात. त्या 30 सप्टेंबर 2022 ला बाद झाल्या, तरी बँक ऑफ इंग्लंड त्या कधीही बदलून देते, हे तुम्हीच कळवलंत. त्यासाठी आता तुम्हाला त्रास देणार नाही; भाचा तिकडे येतोय, तो स्वतः जाईल.

आईने आशीर्वाद सांगितलेत.

तुमची ऋणी,
डबेवाल्या आजींची लेक